घोड्याचे वाहन

वाहन निवडावे ते देवांनी! गणपतीने उंदीर पसंत केला तेव्हा भारवहनाचा तक्ता त्याने खचितच पाहिला नसणार. कार्तिकेयाने मोर घेतला तो रंगावर भुलून, आणि देवीने सिंह घेतला तो रुबाब पाहून. कर्ज नाही, हप्ता नाही, विमा नाही, की डिझेलचा भाव वाचून सकाळच्या चहाची चव जाणे नाही. त्यातल्या त्यात व्यवहारी म्हणजे आमचा खंडोबा. त्याने घोडा निवडला. डोंगर चढेल, मैदान मारील आणि पाठीवर म्हाळसेलाही जागा देईल असे वाहन! परंतु खुद्द घोड्यालाच कुठे न्यायचे झाले, तर त्याला कोणते वाहन द्यावे? या प्रश्नाचे उत्तर खंडोबानेही दिलेले नाही. गेल्या वर्षी तो प्रश्न माझ्या ओसरीवर येऊन बसला.

मी कंधारला महाविद्यालयात मराठी शिकवतो. समास, वृत्ते, अलंकार हा माझा प्रांत. पण लहान गावात प्राध्यापक म्हणजे ज्याला छापील कागद वाचता येतो आणि फुकट वाचून दाखवण्यास ज्याची हरकत नसते असा मनुष्य. सातबाराचा उतारा, डॉक्टरची चिठ्ठी, मुलीकडच्यांचे पत्र, सारे काही माझ्याकडे येते. तेव्हा माझे थोरले मामेभाऊ तात्या मोटारींच्या माहितीपत्रकांचा भारा घेऊन आले, याचे मला नवल वाटले नाही.

तात्यांची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. तिच्यात सोयाबीन होते किंवा होत नाही. घर चालते ते दोन घोड्यांवर: बिजली नावाची काठेवाडी घोडी आणि तिची शिंगरी. लग्नसराईत बिजली नवरदेवाला मिरवते, हलगीवर नाचते, आणि वर्षाचे मीठमिरची सोडवते. आणि मार्गशीर्ष आला की तात्यांना यात्रांचे वेध लागतात. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते; घोड्यांचा मोठा बाजार. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, आमच्या माळेगावची खंडोबाची यात्रा. हे माळेगाव पूर्वी कंधार तालुक्यात होते, आता लोहा तालुक्यात आहे. पण आम्ही कंधारकर ते अजून आमचेच समजतो. तिथे घोडे येतात, गाढवे येतात, उंट येतात, आणि या सर्वांना पाहायला माणसेही येतात. पौर्णिमेला तापीकाठी आणि चतुर्दशीला माळेगावी! मध्ये पाचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. पूर्वी घोडा हे अंतर स्वतःच्या पायांनी तोडीत असे. आमच्या कंधारच्या किल्ल्यापुढे राष्ट्रकूटांपासून निजामापर्यंत किती घोडदळे आली नि गेली असतील. त्यांतला एकही घोडा टेंपोतून आलेला नव्हता. आता चालत आलेल्या घोड्याला गिऱ्हाईक थकलेला समजते, आणि डांबरावर नाल झिजतात ते निराळेच.

म्हणून भाड्याचा टेंपो. आणि भाड्याच्या टेंपोनेच सारे रामायण घडवले. आदल्या वर्षी परतीच्या वाटेवर पुढे म्हैस आडवी आली, डायव्हरने कचकन ब्रेक दाबला, आणि बिजली दोन्ही गुडघ्यांवर आदळली. हाड वाचले, पण ऐन लग्नसराईत घोडी दीड महिना लंगडत होती. लंगड्या घोडीवर बसणारा नवरदेव अजून जन्माला यायचा आहे. त्या उन्हाळ्यात तात्यांनी सावकाराचे तोंड पाहिले, आणि ठरवले, की आता गाडी आपली घ्यायची.

“मास्तर,” तात्या म्हणाले, “किती घोड्यांची घ्यावी ते तेवढं सांगा.”

मोटारीची ताकद घोड्यांत मोजण्याची ही रीत जेम्स वॉट याची. आपले वाफेचे इंजिन किती घोड्यांची कामे करील हे गिऱ्हाइकाला पटावे, म्हणून त्याने हे माप रूढ केले. पुढे एका अश्वशक्तीला ७४६ वॉट हा हिशेब बसला. मोठी गंमत अशी, की हे माप घोडा दिवसभर सावकाश राबतो त्याचे आहे. क्षणभर जीव खाऊन जोर लावला तर एकच घोडा पंधराएक अश्वशक्ती काढू शकतो, असे शास्त्रज्ञांनी १९९३ साली हिशेबाने दाखवले. आणि २००५ साली जी पहिली ‘टाटा एस’ निघाली, जिला आपण सारे ‘छोटा हत्ती’ म्हणतो, तिचे इंजिन होते १६ अश्वशक्तीचे! म्हणजे नाव हत्तीचे, ताकद सोळा घोड्यांची, आणि तीत एक खराखुरा घोडा उभा केला की वळणावर डायव्हर देवाचे नाव घेतो.

कारण घोडा हे ओझे काही सोयाबीनच्या पोत्यासारखे नव्हे. पोते आडवे पडते आणि पडल्या जागी राहते. घोडा उभा असतो. चारशे किलोचा जीव, त्याचा भार जमिनीपासून उंच, त्यातला साठेक टक्के पुढच्या दोन पायांवर. गाडी वळली की तो कलतो, थांबली की पुढे जातो, निघाली की मागे येतो. त्याला धरायला हात नाहीत. प्रवासभर तो पाय फाकून तोल सांभाळत असतो, आपण एस.टी.त दांडी न धरता नांदेडपर्यंत उभे राहिलो तर आपले जे होईल, ते त्याचे होते. तेव्हा गाडी किती जोरात धावेल हा प्रश्नच गौण. ती किती हळुवार थांबेल, तिचा हौदा किती रुंद आणि किती खाली आहे, तिचे पाटे किती उसळतात, हे पाहायचे. मी एवढे सांगितल्यावर तात्यांनी सर्वांत चकचकीत माहितीपत्रक खाली ठेवले. त्यावर गाडी एका कड्यावरून उडी मारीत होती.

याच सुमारास योगायोग असा, की माझा पुतण्या अमेरिकेत टेक्ससमध्ये ट्रक घ्यायच्या खटपटीत होता. त्याच्या लेकीला घोडेस्वारीचा नाद. दोन घोडे, त्यांना न्यायला मागे जोडायचा ट्रेलर, आणि नवराबायकोला झोपायला ट्रकच्या हौद्यात बसणारे एक खोलीवजा घर. त्याला तिकडे कॅम्पर म्हणतात. फोनवर तो म्हणाला, “काका, कॅम्परचं काही जमत नाही.” मागे बसलेले तात्या उसळून म्हणाले, “त्याला म्हणावं, इकडं कॅम्पर झकास मिळती!” कारण आमच्याकडे ‘बोलेरो कॅम्पर’ नावाची गाडी आहे, पुढे दोन ओळींत माणसे बसतात आणि मागे आखूड हौदा. तिकडचा कॅम्पर म्हणजे ट्रकवर चढवलेले घर, इकडचा कॅम्पर म्हणजे घरातल्या माणसांना बसवणारा ट्रक. दोघे दहा मिनिटे एकमेकांना सल्ला देत होते आणि दोघेही समाधानी होते. भाषाशास्त्राच्या तासाला मी हे उदाहरण आता नेहमी देतो.

पण पुतण्याची अडचण ऐकण्याजोगी होती. तिकडे ट्रकचे प्रकार अर्धा टन, पाऊण टन, एक टन अशा नावांनी ओळखतात. ती नावे जुन्या काळच्या भाराची. आज त्याहून अधिक भार पेलतो, नावे मात्र चिकटली आहेत. आता हिशेब पाहा. कॅम्पर बाराशे किलोचा. दोन घोडे धरून ट्रेलर अडीच हजार किलोचा. त्याचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर, म्हणजे ट्रकच्या शेपटीवर, यावा लागतो. तेवढा आला नाही तर ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवू लागतो. म्हणजे आणखी तीनशे किलो. शिवाय तिघे माणसे, पिण्याचे पाणी, सामान. ट्रक ओढू किती शकतो हे विक्रेता ओरडून सांगतो; पाठीवर किती पेलू शकतो हे दाराच्या आतल्या चौकटीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. मोठे ट्रेलर हंसाच्या मानेसारखे वाकून हौद्याच्या मध्यावर, मागच्या चाकांच्या वर जोडतात; ते सर्वांत स्थिर. पण हौद्यात कॅम्पर बसला की ती जागाच गेली. मग ट्रेलर मागच्या हुकाला जोडायचा; तर कॅम्परचे बूड बाहेर आलेले, म्हणून हूक लांबवायचे, आणि हूक लांबवले की त्याची ताकद घटते. एकाच पाठीवर घर आणि एकाच शेपटीला तबेला बांधायचा, तर ट्रक मागे चार चाकांचा, एक टनी लागतो, असे त्याच्या ध्यानात आले. आणि त्याची किंमत ध्यानात आल्यावर तो काही दिवस फोन करीनासा झाला.

तात्यांच्या मनात मात्र ट्रेलर भरला. कॅम्पर घ्यायची, घरची माणसे ऐटीत आत बसवायची आणि मागे घोड्यांची ट्रॉली! ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कारागिराकडे आम्ही गेलो. मनुष्य उत्साही. त्याने खडूने फरशीवर ट्रॉली काढलीसुद्धा. मी विचारले, “हिला ब्रेक कुठे?” तो हसून म्हणाला, “सर, पुढच्या गाडीला हायतच की!”

या उत्तरात एक भयंकर तत्त्व दडलेले आहे. ओढणे सोपे असते. ओढलेल्याला थांबवणे अवघड. पुढची गाडी थांबते तेव्हा मागचे दीड टन ओझे थांबायला तयार नसते; ते पुढच्या गाडीला ढकलते, आणि उतारावर, ओल्या रस्त्यावर, तिला आडवी करते. म्हणून तिकडे घोड्यांच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. त्यातून आपल्याकडे ट्रेलरची नोंदणीही निराळी करावी लागते. आणि लोह्याच्या बाजारदिवशी ट्रॉली मागे घ्यायची म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगणे नलगे. फरशीवरची ट्रॉली तात्यांनी स्वतःच चपलेने पुसली.

राहिला एकच मार्ग: घोडा ओढायचा नाही, वाहायचा. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौद्याचा, दीड-पावणेदोन टनी पिकअप. मी नियमांची पुस्तिका उघडली. आपल्याकडे जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८ पासून आहेत, आणि ते घोड्याच्या बाबतीत इतके हळवे आहेत की वाचून मला लेखकाचे कौतुक वाटले. घोड्याजवळ पशुवैद्याचा दाखला हवा. दोन घोड्यांमध्ये निदान आठ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा. एका गाडीत चार ते सहापेक्षा अधिक घोडे नकोत. त्यांची तोंडे डावीकडे हवीत, कारण उजव्या अंगाने वाहने जातात आणि ती पाहून घोडा बुजतो. आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा अधिक नको! म्हणजे सारंगखेडा झाले चौदा-पंधरा तास. वाटेत मुक्काम आलाच. पुढे मोटार वाहन नियमांत भर पडली. १ जानेवारी २०१६ पासून जनावरांच्या गाडीत कायमचे कप्पे हवेत, प्रत्येक घोड्याला निदान २.२५ चौरस मीटर जागा हवी, तशा गाडीला निराळा परवाना हवा. आणि त्या गाडीत दुसरा कोणताही माल नेता कामा नये.

मी कागदावर हिशेब केला. हौदा झाला सुमारे ४.६ चौरस मीटर. दोन घोड्यांना हवे ४.५. “बसलं!” तात्या मांडीवर थाप मारून म्हणाले. “तुमच्या पुस्तकातल्या मापाला माप! जणू आमच्या बिजलीला बघूनच गाडी केली.” मग त्यांनी पुढचा बेत सांगितला. यात्रेला पोचलो, घोड्या उतरवल्या, की हौदा धुऊन काढायचा, वर ताडपत्री टाकायची आणि खाली सतरंजी. दहा दिवस संसार तिथेच. गेली कित्येक वर्षे भाड्याच्या टेंपोत नाहीतर त्याच्या सावलीत तेच चाललेले होते.

वहिनी आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्या कपबशी ठेवून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, “भावजी, घोडीला सव्वादोन मीटर म्हणता. त्या पुस्तकात मला किती लिहिलंय?”

मी पुस्तिका चाळली नाही. त्याचे उत्तर तिच्यात नव्हते.

तात्या हसले, पण वहिनी हसत नव्हत्या. त्या शांतपणे सांगत होत्या. हौदा धुतला तरी रात्री लिदीचा वास डोक्यात बसतो. ताडपत्रीला दार नसते. पुढे गिऱ्हाइके, मागे गिऱ्हाइके, साडी बदलायची तर पहाटे चारला. लेक आता चौदाची झाली, तिला या खेपेला न्यायचे कसे? घोडीला दोन्ही बाजूंनी बांबू, तोंड रहदारीकडून फिरवलेले, “ती बुजती म्हणून. आन् आम्ही?” एवढे बोलून त्यांनी कप उचलले. तात्यांचा चहा अजून प्यायचा होता, तोही गेला.

वाचकहो, चाकांवरचे घर ही अमेरिकेची युक्ती आहे असे आपण समजतो. माझ्या भागात ती फार जुनी आहे. माळेगावच्या यात्रेत भटक्या जमातींच्या पंचायती भरत असत. त्यांचा संसार गाढवाच्या पाठीवर यायचा, वर कोंबड्या आणि त्यांच्याहून वर एखादे मूल. आजही दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉल्या आपण पाहतो: भांडी, सरपण, शेळी, म्हातारी, तान्हे बाळ, सारे एका ओझ्यात. पुतण्या हौसेने घर ट्रकवर चढवतो. त्याचे खरे घर मागे कुलूप लावून उभे असते. आमच्याकडे घर वाहनावर चढते ते गरजेने. त्यामुळे आम्ही वाहनाचा भार मोजतो, डिझेल मोजतो, जनावर मोजतो. पण त्या संसारात जी स्वयंपाक करते, पाणी आणते, रात्री शिंगरीला जागते, तिला माप लावावे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. ती कुठेही मावते, असे गृहीत धरलेले असते.

दोन दिवस तात्या फिरकले नाहीत. मग आले ते एकटेच. “मास्तर, पिकअपच घेऊ,” ते म्हणाले. “पन हौदा घोड्यांचाच. कायद्यानंबी तसंच हाय.” कॅम्पर आणि ट्रॉली यांच्यापेक्षा पिकअप पुष्कळ स्वस्तात पडत होती. त्या फरकातला मोठा भाग त्यांनी कर्जातून कमी केला, आणि राहिलेल्या रकमेची राहुटी शिवून घ्यायचे ठरले. जाड कॅनव्हासची, दुहेरी पडद्याची, आतून बंद होणारी. माप द्यायला वहिनी स्वतः गेल्या. शिंप्याने सहा बाय सहा सुचवली. त्यांनी आठ बाय दहा सांगितली, आणि टेप त्याच्या हातातून घेऊन जमिनीवर मोजून दाखवली. घरी आल्यावर मला म्हणाल्या, “भावजी, मीटरमधी किती झालं?” मी सांगितले, सुमारे साडेसात. त्यांनी बोटांवर हिशेब केला. “म्हंजी घोडीच्या तिप्पट,” त्या म्हणाल्या, आणि प्रथमच हसल्या.

गाडीचे काम तात्यांनी मन लावून केले. खाली रबराची जाड पट्टी, घोड्याचा पाय सरकू नये म्हणून. कडांना काथ्याच्या गाद्या. मधला कप्पा कायमचा. फाळका असा, की पाडला की त्याचाच उतार व्हावा. पूर्वी घोडा चढवायला बांध शोधीत हिंडावे लागे. दोरी जरा सैल, कारण घोड्याला मान खाली घालून नाकातली धूळ शिंकरता आली पाहिजे. तासन्तास मान वर बांधली तर छातीत रोग होतो. परवान्याचा कागद काचेवर लावला. आणि पहिल्या दिवशी गाडीची पूजा झाल्यावर रिकामी गाडी न पळवता तात्यांनी बिजलीला फक्त आत-बाहेर चालवले. दहा वेळा. अकराव्या वेळी ती आपणहून चढली.

सारंगखेड्याला या वेळी ते गेले नाहीत. एवढ्या लांब पल्ल्याची घोडीला सवय होऊ दे म्हणाले. माळेगावला गेले. पुढे पिकअप, ताशी पस्तीसच्या आत. मागून येणारी प्रत्येक फटफटी भोंगा वाजवून पुढे जात होती. सामान मेहुण्याच्या जीपमधून. वहिनी आणि मुलगी एस.टी.ने, खिडकीशी.

मी तिसऱ्या दिवशी गेलो. दिवसभर बाजार पाहिला, शिंगरीला आलेली तीन मागणी ऐकली. तात्यांनी तिन्ही परतवली. रात्री थंडी पडली तेव्हा तात्या शेकोटीशी बसून होते. मला त्यांनी हळूच बोटाने दाखवले. बिजली खुंटाशी आडवी झाली होती, मान जमिनीला टेकून. घोडा उभ्याने डुलक्या घेतो, हे सगळ्यांना माहीत असते. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवेच व्हावे लागते, आणि जागा भरवशाची वाटेपर्यंत तो आडवा होत नाही.

“आदल्या साली दहा दिवसांत एकदाबी बसली नव्हती,” तात्या म्हणाले.

राहुटीचा पडदा आतून बांधलेला होता. पहाटे चारला कोणी उठले नाही.